नकलांना कान नसतात

साताऱ्याहून रहिमतपूरकडं जाताना एक फाटा लागतो. तिथं गावांच्या नावांची पाटी आहे. म्हणजे असावी. गेल्या उन्हाळ्यात मी बहिणीकडं निघालो तेव्हा त्या पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. वर काळा चष्मा घातलेला एक माणूस आणि त्याच्याखाली शुभेच्छा देणाऱ्यांची टपालाच्या तिकिटाएवढी तोंडं. मला रस्ता पाठ होता म्हणून बरं. पण एक परगावचा टेम्पोवाला गाडी कडेला घेऊन उभा होता आणि त्या चष्मेवाल्याकडं बघत डोकं खाजवत होता. मी त्याला कोरेगावचा रस्ता दाखवला आणि पुढं निघालो.

त्या उन्हाळ्यात मला असल्या फ्लेक्सांची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. आणि गंमत म्हणजे त्याला कारण रस्त्यावरचे फ्लेक्स नव्हतेच.

माझी बहीण, आक्का, माझ्याहून मोठी. लहानपणी ताप आला आणि तिचे डोळे गेले. रहिमतपूरजवळच्या एका शाळेत ती इतिहास शिकवते, दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहते आणि कुणी तिला ‘बिचारी’ म्हटलं तर त्याला सोडत नाही. इतकी वर्षं तिचं काम एका प्रोग्रॅमवर चाललं होतं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा, की तो प्रोग्रॅम ते पान मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. तसे दुसरेही प्रोग्रॅम होते, पण ते मराठी असं वाचत की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. हा मात्र घरच्या माणसासारखा वाचायचा. सांगलीच्या एका पोरानं तो फार वर्षांपूर्वी बनवला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही घ्या, वापरा, बदला. नंतर तो पोरगा त्या कामातून उठला. त्याच्या पत्त्यावर लिहिलेली पत्रं तशीच परत येत.

एप्रिलात शाळेनं आक्काला नवा कॉम्प्युटर दिला आणि प्रोग्रॅम मुका झाला. सुरू व्हायचा, दोन शब्द बोलायचा आणि पहिलं जोडाक्षर आलं की घसा बसल्यासारखा गप्प. जुना कॉम्प्युटर तोवर भंगारात गेला होता. त्यातच नववीचं पुस्तक बदललेलं. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं की शाळा उघडेपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर नववीचा इतिहास दुसऱ्या सरांना देऊ. तुम्ही ग्रंथालय सांभाळा, तिथं काय, नुसतं बसून असतं.

आंधळ्या बाईला ग्रंथालय! आक्कानं हे मला फोनवर हसत सांगितलं. “मला तिथं शोपीस म्हणून ठेवणार हायेत रं,” शेवटी म्हणाली.

मी साताऱ्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. सॉफ्टवेअरमधला म्हणून घरचे मला सगळं येतं असं समजतात. माझं काम विम्याच्या अर्जांचं. आवाजाच्या भानगडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आठवडाभर डोकं आपटून मी हात टेकले. पण एक आशा होती. उघड्या ठेवलेल्या प्रोग्रॅमची नक्कल घेऊन लोक आपापले बदल करतात. आमच्या धंद्यात त्याला फोर्क म्हणतात, मी फाटा म्हणतो, कारण ते तेच आहे. एका रस्त्याचे दहा रस्ते होतात. ह्या प्रोग्रॅमला तर शेकड्यांनी फाटे फुटले होते. एवढ्यांत एकानं तरी हा जोडाक्षराचा रोग बरा केला असेल, तो फाटा शोधला की झालं, असं मला वाटलं.

शोधायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी वीट आला. जिथं हे सगळं ठेवलेलं असतं त्या वेबसाइटवर नकलांची नुसती रांग दिसते. कुणी नक्कल घेतली ते कळतं, आत काय बदललं ते कळत नाही. शोधून बघावं तर तिथल्या शोधात बऱ्याच नकला येतच नाहीत. म्हणजे एकेक दार उघडायचं आणि आत डोकावायचं. आत काय, तर नावं बदललेली. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल खरा’. एकानं फक्त बटणांचा रंग भगवा केला होता, दुसऱ्यानं निळा. एकानं बनवणाऱ्या पोराचं नाव खोडून स्वतःचं टाकलं होतं, आणि त्याची नक्कल घेणाऱ्यानं त्याचं खोडून आपलं टाकलं होतं. कळस म्हणजे एकानं प्रोग्रॅम सुरू होताना पडदाभर एका पुढाऱ्याचा फोटो येईल अशी सोय केली होती. हात जोडलेले, कपाळाला टिळा. अरे, आंधळ्यांसाठी केलेला प्रोग्रॅम तो! कुणाला दाखवतोयस तो फोटो?

बऱ्याच नकला सांगलीतल्या एकाच क्लासमधून निघाल्या होत्या असं दिसलं. म्हणून मी उठून सांगलीला गेलो. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली वडापाव. चालक माझ्याच वयाचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि भिंतीवर स्वतःच्या सत्कारांचे फोटो. मी त्याला आक्काचं सगळं सांगितलं आणि विचारलं, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी आतलं काही दुरुस्त केलंय का.

“सगळ्यांनीच केलंय की,” तो म्हणाला. “प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा हाय. आमी कॉपी चालू देत न्हाई.”

“सगळ्या नकला एकाच प्रोग्रॅमच्या आहेत. फक्त रंग बदललेत.”

“मग रंग वेगळा हाय न्हवं?”

त्याला खरंच काही वावगं वाटत नव्हतं. उलट त्यानं थंड मागवलं आणि म्हणाला, तुमच्या ताईंना आणा एकदा, दिव्यांगांसाठी आमचं काम म्हणून स्टेजवर सत्कार करू. मी ते थंड तसंच टेबलावर ठेवून जिना उतरलो. असल्या माणसाच्या पैशाचं पाणीसुद्धा घशाखाली उतरलं नसतं.

परतताना थेट रहिमतपूरला गेलो. आक्कानं चहा टाकला. भांडी हातानं चाचपत, एक थेंब न सांडता ती सगळं करते, आणि मध्ये कुणी मदतीला गेलं तर हातावर चापट मारते. मी तोंड सोडून बसलो होतो. क्लासवाला, पुढारी, फायनल नवा, सगळ्यांचा उद्धार केला. तिनं ऐकून घेतलं आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

“तुमच्या त्या नकलांना कान न्हाईत व्हय रं?” तिनं विचारलं.

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आम्ही म्हसवडकडचे, घर मेंढपाळांचं. आता थोडी शेती आहे, पण आमच्या लहानपणी दारात मेंढरंच होती. आमच्या घराण्याची खूण म्हणजे उजव्या कानाच्या शेंड्याला एक खाच. भाऊ वेगळे झाले, कळप वाटला, की थोरला ती खूण तशीच ठेवायचा आणि धाकटा त्या खाचेखाली आणखी एक पाडायचा. त्याची पोरं वेगळी झाली की त्याखाली आणखी एक. जुनी खाच कुणी बुजवत नसे, बुजणारही कशी. चार कळप एका पाण्यावर मिसळले की बाया-माणसं डोळ्यांनी बघून आपापली मेंढरं वेगळी काढत. आक्का बोटांनी काढायची. मेंढरू पायाशी आलं की कान धरायचा, अंगठा कडेवरून फिरवायचा आणि सांगायचं, हे थोरल्या चुलत्याचं, हे आपलं, हे आपल्यातनं आत्याच्या घरी गेलेलं. नुसतं कुणाचं एवढंच नाही, कुठून फुटून कुणाकडं गेलं ते सगळं तिला एका कानात कळायचं. वडील कौतुकानं मला म्हणायचे, “तुला दोन डोळं असून बोकड वळकत न्हाई.”

“दोन खाचा एकसारख्या असल्या तर ते मेंढरू दुसऱ्याचं कसं?” आक्का म्हणाली. “खाच वाढली न्हाई त्यो कळप येगळा झालाच न्हाई. ती आधी बाजूला काढ की.”

साधी गोष्ट होती, आणि मी सांगलीपर्यंत पेट्रोल जाळून आलो होतो. घरी येऊन मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यानं प्रत्येक नक्कल मुळाशी ताडून बघायची. आतलं काही बदललेलं नसेल तर ती बाजूला. नुसतं नाव, रंग, फोटो बदललेला असेल तरी बाजूला. जी उरेल तिच्यापुढं लिहायचं, ही कुणापासून फुटली, हिच्यात काय वेगळं आहे आणि हिच्यावर अलीकडं कुणी हात फिरवलाय का. म्हणजे फाट्यावर पाटी लावायची, एवढंच. ते करायला त्या वेबसाइटवाल्यांना काय धाड भरली होती मला कळत नाही. चालवला, आणि ती शेकड्यांची रांग बघता बघता ओसरली. मूठभर नकला राहिल्या. त्या एकेक करून उघडल्या. एकीत गुजरातीची सोय होती, एकीत आवाज बाईचा केला होता. जोडाक्षरावर कुणीच हात घातला नव्हता.

मी आक्काला फोन केला. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. ती रडली नाही, पण ग्रंथालयाच्या कपाटांना कुलपं कसली आहेत असं काहीतरी बोलायला लागली आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मग एकदम थांबली.

“कान उडिवलेली बघितलीस का?”

“म्हणजे?”

“आरं, जत्रंत आपली मेंढी घावली होती, तवाची. इसारलास?”

विसरलो नव्हतो. एकदा आमची एक मेंढी चोरीला गेली आणि म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत दुसऱ्याच माणसाच्या दावणीला दिसली. कान अर्धा छाटलेला. खूणच नाही तर बोलणार काय? तो माणूस छातीठोक सांगत होता, कुत्र्यानं तोडला. वडिलांनी काही वाद घातला नाही. मेंढीचा कान उलटा केला आणि बुडाशी आतल्या बाजूला बोट घातलं. तिथं तापल्या तारेचा एक बारीक डाग होता. तो आम्ही सगळ्यांना द्यायचो आणि कुणाला सांगायचो नाही. चोर शेंडा कापतो, कानाच्या बुडात बघत बसत नाही.

“कुनी मुळाचं नावच पुसून नव्यानं मांडलं आसंल,” आक्का म्हणाली. “त्ये तुझ्या रांगंत कसं येईल? बुडातला डाग हुडीक.”

खरंच होतं. नक्कल रीतसर घेतली तरच ती रांगेत लागते. सगळं उतरवून घेऊन, नाव पुसून, जणू आपणच बनवलं असं कुणी वेगळं चढवलं तर त्याचं मुळाशी नातंच दिसत नाही. मग मी मूळ प्रोग्रॅमच्या पार तळाशी गेलो, जिथं कुणी जात नाही तिथं. प्रोग्रॅम नीट बोलतो का हे तपासायला त्या सांगलीच्या पोरानं एक वाक्य ठेवलं होतं. ‘आज शुक्रवारचा बाजार आहे, येताना मेथी आण, कालची कडू निघाली.’ बहुतेक त्याची आई त्याला म्हणाली असेल. आपलं नाव ठोकणाऱ्या कुणालाही ते बदलायची बुद्धी होणार नव्हती, कारण त्यातल्या कुणी तिथवर वाचलंच नव्हतं. मी ते वाक्य जगभर शोधलं.

कान उडवलेल्या नकला भराभर सापडल्या. एक तर कुणीतरी विकायला ठेवली होती, तीही ‘संपूर्ण स्वदेशी निर्मिती’ म्हणून, आणि तिच्या पोटात ती कडू मेथी तशीच. मला हसू यायला हवं होतं. आली ती किळस. आणि त्या घाणीतच एक नक्कल होती, जिच्यात जोडाक्षराचा सगळा भाग नव्यानं लिहिला होता, स्वच्छ, नेटका. ठेवून दोन वर्षं झालेली. मालकाच्या नावापुढं गाव लिहिलं होतं, लोणंद. घरापासून दीड तासावर औषध पडलं होतं आणि मी हातात कंदील घेऊन गावभर फिरत होतो.

लोणंदच्या बाहेर उसाच्या कडेला त्याचं नवं घर. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या विभागात, नोकरी करून परतलेला माणूस, मिशा पिळदार, बसणं ताठ. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा आतून तो आवाज येत होता. तोच घरच्या माणसासारखा आवाज पोथी वाचत होता, आणि जोडाक्षरं घडाघडा म्हणत होता. उंबऱ्यातून दिसलं, एक म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे डोळे पांढरे पडले होते.

“आईसाठी क्येलं,” तो म्हणाला. “ड्यूटी म्हणून. बाकी कुनाला दावलं न्हाई.”

“पण मुळाचं नाव का पुसलंत? रीतसर नक्कल घेतली असती तर मला पहिल्या दिवशी सापडलं असतं.”

तो चिडला. “आवं, तशी घ्येतली की वर त्याचं नाव येतंय, ‘अमक्यापासनं घेतलं’ म्हणून. लोक म्हननार, फौजी चोर हाय. म्हनून समदं धुऊन पुसून आपलं म्हनून मांडलं. मी कुनाची कॉपी मारत न्हाई, गड्या.”

चोर दिसू नये म्हणून यानं चोराचंच काम केलं होतं. माझ्या जिभेवर काय काय आलं! पण आतून आवाज चालू होता आणि मला त्याची गरज होती. मी त्याला क्लासवाला, फोटो, रंग, सगळं सांगितलं. आक्काचं सांगितलं, ग्रंथालयाचं सांगितलं. तो मिशीवरून हात फिरवत ऐकत राहिला. शेवटी मेंढरांच्या खाचांचं सांगितलं, की धाकटा आपली खाच पाडतो पण थोरल्याची राहते, आणि त्यानं कुणी चोर ठरत नाही, उलट त्याचं घर कळतं.

“मग माझी बी खाच पडंल?”

“पडेल की. मोठ्यानं वाचली जाईल.”

“पर आधी माझं नाव.”

“आधी सांगलीवाल्याचं. मग तुमचं.”

त्यावर आमची चहा संपेपर्यंत हुज्जत झाली. शेवटी आतून म्हातारीच ओरडली, “लिव की रं त्या पोराचं नाव! मला आजवर सांगितलं न्हाईस त्ये.” फौजी उठला आणि दोन्ही नावं ओळीनं लिहिली.

मी ती दुरुस्ती आक्काच्या नव्या कॉम्प्युटरवर बसवली. आणखी एक केलं. प्रोग्रॅम उघडला की पुस्तक वाचण्याआधी तो सांगेल, हा सांगलीत कुणी बनवला आणि लोणंदला कुणी दुरुस्त केला. फाट्यावर पाटी लावणारा माझा तो छोटा प्रोग्रॅमही मी उघडा ठेवला, की कुणालाही कुठल्याही प्रोग्रॅमचे फाटे चाळता यावेत. नकलावाल्यांना, निदान मुळाचं नाव तरी परत लावा, असं लिहिलं. एकाचंच उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं, लावलं तर मला काय मिळेल.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक बघायला आले. मीही गेलो होतो. वर्गांचं वेळापत्रक त्यांच्या हातात होतं आणि नववीच्या इतिहासापुढं पेन्सिलीनं दुसऱ्याच सरांचं नाव होतं. आक्कानं पानाचा फोटो काढला, कळ दाबली. आवाजानं आधी ती दोन नावं घेतली आणि मग पहिला धडा सुरू केला. अडखळला नाही. आक्कानं मध्येच थांबवून दोन प्रश्न घातले, वर्गात घालते तसे, आणि मुख्याध्यापकांना त्यातल्या एकाचं उत्तर आलं नाही.

सर खूश झाले. एवढे खूश की खुर्ची पुढं ओढून माझ्याशी बोलायला लागले. “छानच आहे हो. असं करू, सुरुवातीला आपल्या संस्थेचं नाव टाका. अध्यक्षसाहेबांचा फोटो मी पाठवतो, तो मोठा घ्या. आणि ती दोन नावं काढून टाका. बाहेरच्या लोकांची कशाला उगीच?”

फाट्यावरचा तो काळा चष्मा आता इथवर आला होता, आणि पेन्सिल त्याच्या हातात होती. मी तोंड उघडलं असतं तर आक्काचा वर्ग गेला असता, म्हणून मी दात आवळून जमिनीकडं बघत बसलो.

“फोटो खुशाल लावा सर,” आक्का म्हणाली. “मला तो दिसणार नाही. पण ती नावं मला रोज सकाळी ऐकू येतात. त्यातलं एक जरी गेलं तर मला त्याच दिवशी कळेल, आणि मी ते वर्गात सांगेन. मी इतिहास शिकवते.”

सर हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी वेळापत्रक पुढं ओढलं आणि रबर मागितलं.

फोटो दुसऱ्याच दिवशी आला. हात जोडलेले, मागं मावळता सूर्य. मी माझ्या हातानं तो लावला आणि मग साबणानं हात धुतले. आता रोज सकाळी शाळेत अध्यक्षसाहेब पडदाभर उगवतात आणि आक्काकडं बघून हसत राहतात. ती त्यांच्यासमोर मान जराशी तिरपी करून बसते. आवाज सांगलीचं नाव घेतो, लोणंदचं नाव घेतो. मग ती “हं” म्हणते आणि नववीचा धडा सुरू होतो.